घरी शर्ट शिवायला शिकतोय, कुठून सुरुवात करू? (पुरुषांचा, कॉलरवाला)

साखळीकर

नमस्कार मंडळी. घरात आईचं पायडलचं मशीन आहे, चालू स्थितीत, पट्टा नवीन घातलाय. उशांचे अभ्रे, बाजाराच्या पिशव्या, पडद्यांची दुमड एवढं जमतं, टीप सरळ येते. आता शर्ट शिवायचाय, स्वतःसाठी. कारण साधं आहे, माझा गळा साडेपंधरा आणि हात आखूड, त्यामुळे रेडिमेड घेतला की गळ्याला बसतो तो बाहीत लोंबतो आणि बाहीला बसतो त्याचं वरचं बटण लागत नाही. आमचे नेहमीचे टेलर थकले, दुकान बंद केलं, मुलगा वेर्ण्याला कंपनीत लागला. म्हापशाला एकांकडे गेलो तर त्यांनी शिलाई सांगितली तेवढ्यात तयार शर्ट येतो, वर गणेशचवथीनंतर या म्हणाले.

तर प्रश्न असे की जुना शर्ट उसवून त्यावरून बेतायचं की मापं घेऊन कागदावर काढायचं, कापड कुठलं आणि किती घ्यायचं, आणि ती कॉलर नेमकी बसवतात कशी? व्हिडिओ बघताना सगळं कळतं, बंद केला की काही आठवत नाही. चवथीला स्वतः शिवलेला शर्ट घालायचा बेत आहे, हसू नका.

फोंडेकार

हसलो. चवथ कुठल्या वर्षाची ते लिहिलं नाहीस म्हणून.

सुईदोरा

हसणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका हो साखळीकर. ज्याला अभ्र्याची टीप सरळ येते त्याला शर्ट येतो. शर्टात अवघड जागा तीनच, कॉलर, बाहीची चीर (कफापाशी असते ती) आणि मुंढा (बाही जोडायचा बाक), बाकी सगळं सरळ शिवणकाम आहे आणि इस्त्री आहे. इस्त्री मुद्दाम लिहिलं. नवीन माणूस मशीनवर बसून राहतो आणि इस्त्री शेवटी एकदाच करतो, तिथेच शर्ट "घरी शिवलेला" दिसायला लागतो. प्रत्येक टीप मारली की इस्त्री, मगच पुढची टीप, मशीनच्या शेजारीच टेबल लावून ठेवा म्हणजे कंटाळा येणार नाही.

कापडाचं म्हणाल तर पॉपलीन किंवा केंब्रिक, शंभर टक्के सुती, मध्यम जाडीचं. कळंगुट-बाग्याला दोरीवर टांगलेले असतात तसले फुलाफुलांचे रेयॉन घेऊ नका, पहिल्या शर्टाला तरी नाही. ते कापताना सरकतं, शिवताना ताणतं, आणि आपल्याला वाटतं आपला हात वाईट. लिननही दुसऱ्या-तिसऱ्या शर्टाला. 58 इंच पन्हा असेल तर पूर्ण बाहीच्या शर्टाला 1.60 मीटर पुरतं, दुकानात शर्टपीस मिळतो तो त्याच हिशोबाने कापलेला असतो. 36 पन्ह्याचं असेल तर सव्वादोन ते अडीच मीटर लागेल. शिकताना पाव मीटर जास्तच घ्या, कॉलर दोनदा कापावी लागते.

आणि सुती कापड आधी धुवायचंच. तीन ते पाच टक्के आटतं, म्हणजे 30 इंच उंचीचा शर्ट पहिल्या धुण्यात इंच-दीड इंच वर जातो.

सुरुवात अर्ध्या बाहीच्या बुशशर्टाने करा असं सुचवेन, खुली कॉलर, खाली सरळ दुमड. बँड (कॉलरखालची उभी पट्टी) नाही, कफ नाही, चीर नाही.

काजबटण

सुईदोरा बाय, एक सोडून सगळं पटलं. मी चाळीसेक वर्षं हेच काम केलं, दुकान बंद केलं तरी हात बंद होत नाहीत म्हणून इथे वाचत असतो. खुल्या कॉलरचा बुशशर्ट सोपा असं सगळे सांगतात. पण त्यात पुढची आतली पट्टी आणि मागचा गळा खांद्याजवळ जिथे भेटतात तिथे एक कात्री मारावी लागते, ती दोन धागे कमी पडली तर चुणी आणि दोन धागे जास्त गेली तर भोक. नवशिक्याला ती जागा बँडवाल्या कॉलरपेक्षा जास्त छळते. त्यापेक्षा बाही अर्धीच ठेव पण कॉलर नेहमीची बँडवाली शीक. रोज घालायला तीच लागणार.

आता जुन्या शर्टाचं. घरात जो त्यातल्या त्यात बरा बसतो तो घे, पूर्ण उसवू नको. मधोमध उभा कापून एकच बाजू उसव, दुसरी बाजू तशीच जोडलेली ठेव. उसवलेल्या तुकड्यांवरून कागद काढ आणि शिवताना अडलास की दुसऱ्या बाजूला बघ, कुठली टीप आधी मारली, कुठली वरून मारली, माया (टिपेबाहेर सोडलेलं कापड) कुठल्या बाजूला दुमडली, सगळं तिथे दिसतं. तो अर्धा शर्ट व्हिडिओपेक्षा बरा, तू थांबलास की तोपण थांबतो.

उसवताना ब्लेडने ओढत जाऊ नको. चार-पाच टाक्यांनंतर एक टाका काप, मग दुसऱ्या बाजूचा दोरा ओढ, अख्खा सुटून येतो. तुकडे इस्त्री करून सपाट कर, पण सरकवत करू नको, इस्त्री दाबायची नि उचलायची. गळ्याचा आणि मुंढ्याचा तुकडा तिरक्यात असतो, ओढलास तर लांबतो.

कुळागर

मला हे जुन्या शर्टावरून बेतणं कधी पटलं नाही. साखळीकरांचा मूळ प्रश्नच हा आहे की एकही शर्ट नीट बसत नाही, मग नक्कल कशाची करायची? शिवाय दोन वर्षं धुतलेला शर्ट आटलेला, ताणलेला, एका खांद्याला बॅग लावून लावून वाकडा झालेला, ते सगळे दोष कागदावर उतरणार.

मापं घ्या ना. गळा, छाती, खांदा, पाठीची उंची, बाही, मनगट. गळ्याला टेप लावून आत एक बोट घाला, ते झालं कॉलरचं माप. छातीत ढिलाई 4 ते 6 इंच, म्हणजे पुढच्या-मागच्या प्रत्येक पावात छातीचा चौथा भाग अधिक एक ते दीड इंच. छाती 40 असेल तर 11 ते साडेअकरा. गळ्याची रुंदी गळ्याच्या मापाच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास, साडेपंधराला 3 इंचाच्या थोडी वर. एकदा ब्राऊन पेपरवर काढलं की आयुष्यभराचा कागद झाला.

काजबटण

कुळागर, तुझं गणित बरोबर आहे, मी पण तसंच बेतायचो, कागदाशिवाय थेट कापडावर खडूने. पण मुंढ्याचा बाक आकड्यात येत नाही. आकड्याने तुला चार ठिपके मिळतील, ते जोडायचे कसे ते हाताला कळावं लागतं आणि ज्याने एकही मुंढा शिवला नाही त्याच्या हाताला कुठून कळणार. म्हणून बाक जुन्या शर्टाचा घे आणि लांबी-रुंदी मापाची घे.

साखळीकर, तुझ्यासाठी: गळ्याला बसतो तो शर्ट उसव, बाही तेवढी कमी कर. पण मनगटाकडून कापू नको. बाही खाली निमुळती होत जाते, चीरही तिथेच असते, खालून कापलीस तर मनगट रुंद होतं नि चीर तोकडी. कागदावर कोपराच्या थोडं वर आडवी रेघ मार, तिथे जेवढी जास्त आहे तेवढी घडी घाल, मग दोन्ही कडा परत सरळ जुळवून घे. बाहीचं माप मानेच्या मागच्या हाडापासून खांद्यावरून मनगटापर्यंत, हात थोडा वाकवून.

कुळागर

बाकाचं मान्य. बाकी माझं मत कायम :)

मडगांवची मावशी

पावसात कापड धुऊन वाळवायला सांगताय, आमच्याकडे रुमाल तीन दिवस वाळत नाही! कुबट वास येतो तो वेगळाच.

सुईदोरा

मावशी, खरं आहे. मी पंख्याखाली पसरते आणि थोडं दमट असतानाच इस्त्रीने पूर्ण वाळवते, उभ्या धाग्याच्या दिशेने. दोरीवर एका टोकाला चिमटा लावून टांगलेलं कापड तिरकं ताणतं, मग कापताना कडा जुळत नाहीत आणि आपण कात्रीला दोष देतो.

पावसाचा विषय निघालाय तर मशीनचंही सांगते. सुई मशीनमध्ये तशीच ठेवून चार दिवस गेले की तांबेरा धरते, हलका असला तरी पांढऱ्या कापडावर प्रत्येक टाक्याला ठिपका सोडते. नवीन शर्टाला नवीन सुई, पॉपलीनला 14 नंबर, मलमलीसारखं पातळ असेल तर 11. टाचण्या, बॉबिन केस हवाबंद डब्यात, बुटांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या आत टाकून. तेल घातल्यावर आधी चिंधीवर भरपूर टिपा मारा, तेल उतरू दे. आणि लाईट गेली तर पायडलवाल्यांनाच शिवता येतं, मोटरवाले बसतात वारा घेत.

तांबडी माती

मी पण शिकतेय, धाग्यात घुसते. नवऱ्यासाठी शिवायला घेतलाय. तो खांद्याचा दुहेरी पट्टा, योक, तो शिवताना आत कुठेही टीप किंवा कापडाची कड दिसत नाही, रेडिमेडमध्ये आतून-बाहेरून दोन्ही बाजूंनी सारखा असतो. ते कसं करतात? मी पाठीला जोडून घेतलं, पण पुढचे भाग जोडताना आतली कड उघडी राहतेय.

सुईदोरा

हा शर्टातला सगळ्यात मजेचा भाग आहे, नीट वाचा.

योकचे दोन तुकडे, वरचा आणि आतला. पाठीची वरची कड दोघांच्या मध्ये घालून एक टीप मारली, तुमचं तिथपर्यंत झालंय. दोन्ही योक वर उलटून इस्त्री करा. आता वरच्या योकच्या खांद्याच्या कडेला पुढच्या भागाची खांद्याची कड सुलट-सुलट ठेवून टाचा. मग अख्खी पाठ आणि पुढचे भाग खालून वर घट्ट गुंडाळत आणा, गुंडाळी दोन योकच्या मधोमध येईल इतकी. आता आतला योक त्या गुंडाळीच्या खालून फिरवून पलीकडे आणा आणि त्याची सुलट बाजू पुढच्या भागाच्या उलट बाजूला लावून त्याच टाचण्यांत घ्या. पातोळीत चून आत राहतं तसा सगळा शर्ट योकच्या आत गेला पाहिजे. दोन्ही खांद्यांना टीप मारा, फक्त गुंडाळीचं कापड टिपेत येत नाही ना हे बोटाने चाचपून. मग गळ्याच्या उघड्या जागेतून आतला शर्ट हळूहळू ओढून बाहेर काढा. सगळ्या कडा आत बंद होतात. वरून किनारीची एक टीप, संपलं.

पहिल्यांदा करताना वाटतं की काहीतरी कायमचं बंद करून टाकलं आपण. बाहेर आला की खूप बरं वाटतं.

तांबडी माती

आला बाहेर!! नवरा बघत होता, त्याला वाटलं जादू आहे. देव बरें करूं.

फोंडेकार

मी मशीनला हात लावत नाही पण हे वाचून गुंडाळून बघावंसं वाटलं.

साखळीकर

मंडळी, एवढं सगळं वाचून जुन्या पलंगपोसाचा एक शर्ट करून बघितला, कच्चाच, खिसा-बटणांशिवाय. बाही आता बरोबर येतेय, कोपरावर घडी घालायची युक्ती लागू पडली. अडलंय कॉलरपाशी. शर्टाचा गळा बँडपेक्षा अर्धा-पाऊण इंच मोठा येतोय, ओढून बसवला तर चुण्या पडतात. कागदावर दोन्ही मापं सारखी होती, दोनदा मोजली. आणि कॉलरची टोकं, एक टोकदार येतं आणि एक बोथट, चमच्यासारखं.

काजबटण

गळा मोजलास कुठे, कापलेल्या कडेवर ना? टीप कडेवर बसत नाही, पाव-पाऊण इंच आत बसते. गळ्याचा गोल बाहेर उघडत जातो, म्हणून टिपेची रेघ कडेपेक्षा लांब असते. दोघांचं माप टिपेच्या रेघेवर घ्यायचं. आणि टेप आडवी ठेवून नाही, उभी धरून, कडेवर उभी करून बाकावर फिरवायची, आडवी टेप बाकावर नीट वळत नाही.

दुसरं, गळा कापला की लगेच, आणखी काहीही करण्याआधी, कडेच्या जवळून एक टीप मारून घे, टिपेच्या रेघेच्या किंचित बाहेर. शर्ट उचलला-ठेवला की गळा नुसत्या वजनाने ताणतो. तुझा अर्धा-पाऊण इंच या दोन्ही कारणांचा मिळून आहे असा माझा अंदाज. बँड लावताना त्या पहिल्या टिपेपर्यंत मायेला बारीक कात्र्या मार, टीप कापू नको, मग गळ्याची कड सरळ होऊन बँडवर आपोआप बसते. पाठीचा मध्य, दोन्ही खांदे, दोन्ही टोकं, एवढ्या जागी आधी खुणा जुळव आणि मगच मधलं टाच.

कॉलरच्या टोकांचं सुईदोरा बाय सांगेल, तिचं लिहिणं समजतं.

सुईदोरा

काका मला कामाला लावतात.

कॉलर म्हणजे तीन थर. वरचं कापड, आतलं कापड, आणि बकरम, म्हणजे कॉलर ताठ ठेवणारं अस्तर. बकरम चिकटवायचं घ्या, गोंदाची चकचकीत बाजू कापडाच्या उलट बाजूला, वर ओलसर फडकं, इस्त्री दहा-बारा सेकंद एका जागी दाबून धरायची, मग उचलून शेजारी. सरकवली की बुडबुडे येतात आणि पहिल्या धुण्यात कॉलर फुगते. एक तुकडा चिकटवून धुऊन बघा आधी. बकरम टोकापाशी टिपेच्या आत कापा म्हणजे टोकात जाडी कमी राहील.

आतला कॉलर वरच्यापेक्षा बाहेरच्या तीन कडांना एक सूत कमी कापायचा, इंचाचा आठवा भाग. शिवताना दोघांच्या कडा ओढून जुळवायच्या. उलटल्यावर वरचा किंचित आत वळतो आणि खालची शिवण बाहेर डोकावत नाही, टोकंही खाली वाकतात, वर नाही.

आता टोक. टीप टोकापर्यंत नेऊन काटकोनात वळवू नका. टोकाच्या एक टाका आधी थांबा, सुई खाली, पाय उचला, तिरका एकच टाका घ्या, मग पुढे वळा. त्या एका तिरक्या टाक्यामुळे आतल्या मायेला बसायला जागा मिळते. आणि वळायच्या आधी एक युक्ती: दुहेरी दोऱ्याचा लांब तुकडा कॉलरच्या सुलट बाजूला, दोन थरांच्या मध्ये, त्या तिरक्या टाक्याला वेढा घालून ठेवा, दोन्ही टोकं कॉलरच्या आत लांब सोडा. टीप पूर्ण करा. माया टोकाजवळ तिरकी छाटा, अगदी दोन-तीन धागे ठेवून, बाकी कडांना पाव इंचापेक्षा कमी. आता कॉलर उलटताना तो दोरा हळू ओढा, टोक आपोआप बाहेर येतं, टोकदार. मग दोऱ्याचं एकच टोक ओढून काढून घ्या. कात्रीचं किंवा पेनाचं टोक आत खुपसून टोक काढू नका, बोथट तरी होतं नाहीतर फाटतं, तुमचं चमच्यासारखं झालंय ते बहुतेक त्यानेच.

दोन्ही टोकं सारखी आहेत का बघायला कॉलर मध्यावर घडी घालून टोकावर टोक ठेवायचं, बँडला जोडण्याआधी. फरक असेल तर तेव्हाच उसवा. नंतर कोणी उसवत नाही, मग तो शर्ट फक्त घरात घालतात.

साखळीकर

पेन. पेनच होतं. दोऱ्याची युक्ती आज रात्री करतो.

पेडणेकरीण पुण्यात

छान चाललाय धागा. माझा एक प्रश्न, कुणबी साडीचं कापड आहे माझ्याकडे, तांबड्या चौकडीचं हातमागाचं, वेंडेल रॉड्रिक्सनी ही साडी पुन्हा लोकांपुढे आणल्यावर घरात आलेलं. भावाला त्याचा शर्ट करावा म्हणते. नवशिकीने चौकडी घ्यावी का?

कुळागर

बारीक चौकडी घ्यावीच, मी तर म्हणेन पहिला शर्ट बारीक चौकडीचा करावा, उभा-आडवा धागा डोळ्याला दिसतो, कापताना तिरकं गेलं की लगेच कळतं. मोठी चौकडी नको.

सुईदोरा

कुळागरांशी सहमत, पण कुणबी साडीवर नाही, ते कापड दुसरं मिळणार नाही. आधी बाजारातल्या चौकडीवर हात बसवा. शुक्रवारच्या म्हापशाच्या बाजाराला आलात तर कपड्यांच्या गल्ल्यांत कटपीस बघा. आणि हातमागाचं कापड बहुतेक सैल विणलेलं असतं, कडा सुटतात, त्यामुळे माया थोडी जास्त ठेवायची आणि शिवण दुहेरी, म्हणजे एका बाजूची माया पाव इंचावर छाटायची, दुसरी तिच्यावर दुमडायची आणि वरून टीप. साडीचा काठ बटणपट्टीला किंवा कफला घेता येतो, सुंदर दिसतो.

चौकडी कुठे जुळवायची: पुढच्या दोन भागांची आडवी रेघ बटणपट्टीवर, खिशाची पुढच्या भागाशी, आणि कुशीची जमलं तर. सगळीकडे जुळवायला गेलात तर कापड पुरणार नाही. खिसा मुद्दाम तिरका कापला की जुळवायची गरजच नाही, लोकांना स्टाईल वाटते. योक पण.

दुहेरी घडीवर चौकडी कापू नका, खालचा थर कधीच सरळ राहत नाही. एक भाग कापा, तोच उलटून त्याच्यावरून दुसरा.

मडगांवची मावशी

माझ्या मुलाचे शर्ट शिवते त्याला बाही लावताना मला नेहमी त्रास. ब्लाऊजसारखी गोलात लावते, चुणी पडतेच.

काजबटण

मावशी, शर्टाची बाही गोलात लावायची नाही. ब्लाऊजच्या बाहीला वर उंच घुमट असतो, शर्टाचा घुमट बसका असतो, म्हणून हात वर उचलता येतो. कुशीची शिवण उघडी असतानाच बाही मुंढ्याला सपाट जोडून घ्या, बाही खाली, शर्ट वर, मशीनचे दात खालच्या कापडाला जरा जास्त ओढून घेतात, म्हणजे बाहीतली थोडीशी जास्त लांबी आपोआप आत जाते. मग बाहीच्या मनगटापासून कुशीच्या घेरापर्यंत एकच सलग टीप. अर्धं काम कमी होतं.

एकूण क्रमही तोच तत्त्वाचा, तुकडा सपाट आहे तोपर्यंत जेवढं करता येईल तेवढं उरकायचं. खिसा, बटणपट्टी, बाहीची चीर आधी. मग योक, मग कॉलर, मग बाही, कूस, कफ, घेर. चीर तर एकटी बाही मांडीवर घेऊन करायची, शर्टाला जोडल्यावर करायला गेलात तर रात्र जाते.

घेराला गोल शेपूट असेल तर दुमड बारीक ठेवा, पाव इंच. आधी कडेपासून पाव इंचावर एक साधी टीप मारून घ्या, तिच्यावर दुमडलं की गोलात माया आपोआप आत वळते, मग पुन्हा एक दुमड आणि शेवटची टीप. रुंद दुमड गोलाला बसत नाही, पीळ पडतो.

साखळीकर

अपडेट. निळ्या केंब्रिकचा शर्ट झाला, अर्ध्या बाहीचा, बँडवाली कॉलर, दोन्ही टोकं टोकदार. गळ्याला बोट जातंय. खिशाचा एक कोपरा जरा खाली आहे, आईने दोन मिनिटांत शोधला. आता काज राहिलेत आणि माझ्या मशीनवर फक्त सरळ टीप आहे, झिगझॅग नाही. बाहेर करून आणू का हाताने?

फोंडेकार

फोटो टाक. खिशाचा कोपरा मोजून घेतो.

काजबटण

काज-बटण, फॉल-बीडिंग करणारी दुकानं प्रत्येक शहरात असतात, फोंड्यालाही आहेत, डिचोलीलाही. घाई असेल तर तिथून आण, त्यात कमीपणा नाही, मोठमोठे टेलरही काज बाहेर देतात. मशीनला लावायची काजाची वेगळी अटॅचमेंटही मिळते, पण ती तुझ्या मशीनच्या पायाला बसते का ते दुकानात मशीनचं नाव सांगून बघून घे.

पण कॉलरच्या बँडचं एक काज हाताने कर, नुसतं शिकायला. आधी काजाची लांबी: बटणाची रुंदी अधिक जाडी. शर्टाचं बटण साधारण 11 मिलिमीटर, म्हणजे काज 13 च्या आसपास, अर्धा इंच धर. खडूने रेघ मार, तिच्याभोवती मशीनने बारीक आयत शिव, मग मधे काप. कापताना दोन्ही टोकांना टाचणी आडवी लाव म्हणजे कात्री पुढे धावत नाही. दोरा सुती, मेणाला घासून घे, नाहीतर गुंता होतो. सुई फटीतून खालून वर काढायची, पूर्ण ओढण्याआधी दोऱ्याचा वेढा सुईच्या टोकाखालून घ्यायचा, मग कापलेल्या कडेच्या दिशेने ओढायचं, एक छोटी गाठ कडेवरच बसते. टाक्याला टाका चिकटून. बटण ज्या टोकाला ओढलं जातं तिथे टाके पंख्यासारखे पसरायचे, दुसऱ्या टोकाला दोन-तीन आडवे टाके.

पट्टीवरचे काज उभे, बँडचा आडवा. पुरुषांच्या शर्टाला काज डाव्या भागावर, बुतांव उजव्या भागावर. आधी सगळे काज कर आणि मग पट्टी बंद करून काजातून खडूचा ठिपका दे, बटणाची जागा तिथे. आधी बटणं लावलीस तर पट्टी लाटेसारखी जाते.

साखळीकर

अंतर किती ठेवू? साडेतीन इंच वाचलं कुठेतरी.

काजबटण

साडेतीन ठीक, पण मोजणी वरून सुरू करायची नाही. शर्ट घालून आरशासमोर बस, छातीचा सगळ्यात रुंद भाग कुठे ताणतो ते बघ, एक बटण बरोबर तिथे. मग तिथून वर-खाली अंतर वाटून घे. बँडच्या आणि त्याच्या खालच्या बटणातलं अंतर जरा कमी, तीन इंच, नाहीतर वरचं बटण उघडं ठेवलं की कॉलर दोन्हीकडे पडते. शेवटचं बटण घेराच्या फार जवळ नको, बसताना तिथेच ताण येतो.

तांबडी माती

आणि बटण लावताना कापडाला घट्ट चिकटवायचं की सैल? माझी सगळी पहिल्या आठवड्यात तुटली.

काजबटण

किंचित सैल. बटणावर एक टाचणी आडवी ठेव, टाके तिच्यावरून घे, मग टाचणी काढ, बटण वर उचल आणि खाली जो दोरा सुटा राहिला त्याला तीन-चार वेढे घट्ट घाल, मग गाठ. देठ तयार होतो, काजाच्या पट्टीची जाडी त्यात बसते. चिकटवून लावलं की पट्टी ओढली जाते आणि दोरा काजाच्या कडेला घासून झिजतो, तुझी त्यानेच तुटली असणार. कफाच्या बटणाला देठ थोडा जास्त, तिथे कापड जाड असतं.

कुळागर

बटण-डाऊन कॉलरच्या त्या दोन छोट्या बटणांनापण देठ?

काजबटण

नको. तिथे कॉलरचं कापड पातळ, आणि बटण सपाट राहिलं तर बरं दिसतं. एकच वेढा पुरे.